तांबळबेटाच्या वह्या

तांबळबेटाच्या दीपस्तंभावरचे पडदे कोणीतरी काढून नेले आहेत, हे आप्पाजी बिर्जे यांना बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात चहा पिताना कळले.

सून प्रणिता कंपनीतल्या चाळीस जणांबरोबर तीन दिवसांची सहल करून आली होती. मोबाइल पुढे धरून ती म्हणाली, "बाबा, हे तुमचंच बेट ना? आम्हाला गाइड सांगत होता, इथं म्हणे भूत आहे."

"कुणाचं?"

"लाइट हाउसवाल्याचं."

"ते इथं बसलंय की, चहा घ्यायला," आतून आप्पाजींच्या पत्नी यल्लव्वा म्हणाल्या.

प्रणिता हसली. आप्पाजी हसले नाहीत, कारण तोवर त्यांची नजर चित्रफितीत अडकली होती. बत्तीच्या काचेच्या खोलीत सात-आठ मुलेमुली दाटीवाटीने उभी होती आणि माणसापेक्षा उंच अशा त्या मोठ्या भिंगातून आपले उलटे चेहरे टिपत होती. बाहेर रणरणते ऊन होते. खोलीच्या चारी बाजूंनी जाडे किंतानी पडदे असायला हवे होते. तिथे नुसत्या गंजलेल्या कड्या होत्या.

"पडदे कुठं आहेत?" त्यांनी विचारले.

"कसले पडदे?"

त्यांनी तिला समजावले. जे भिंग एका लहानशा ज्योतीचा उजेड अठरा मैलांवर फेकते, तेच भिंग दिवसा सूर्य गोळा करून आत आणते. म्हणून पहाटे बत्ती विझवली की चहाच्या आधी पडदे ओढायचे. सदतीस वर्षांच्या नोकरीत हा नेम त्यांच्या हातून एकदाही चुकला नव्हता. प्रणिताने चित्रफीत पुन्हा लावली तेव्हा लाकडी चौकटीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. कुणीतरी सिगारेट विझवली असेल, असे तिच्या मैत्रिणीला वाटले होते.

खानापूर तालुक्यातल्या ज्या खेड्यात आप्पाजी वाढले तिथे समुद्र कोणी पाहिला नव्हता. मॅट्रिक झाल्यावर जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला तो दीपगृह म्हणजे नेमके काय हे न कळता. तेविसाव्या वर्षी ते तांबळबेटावर उतरले. नंतर बदल्या होत राहिल्या, पण फिरून फिरून ते तिथेच आले, आणि शेवटची अकरा वर्षे तर मुख्य रक्षक म्हणून त्यांनी त्याच बेटावर काढली. समुद्र त्यांना कधी आवडला नाही. त्यांना आवडला तो तिथल्या कामाचा नेमकेपणा. सूर्यास्ताला बत्ती लावायची, दर चार तासांनी भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी द्यायची, वारा, दृश्यता, जाणारी जहाजे यांची नोंद वहीत करायची आणि खाली सही. घरची आठवण, ताप, कंटाळा, यांना त्या वहीत रकाना नव्हता. म्हणून हळूहळू मनातही त्यांना जागा उरली नाही. यल्लव्वा चार वर्षे बेटावर राहिल्या आणि मग मुलाच्या, अभिजीतच्या, शाळेचे निमित्त करून गावी परतल्या. "सवत दगडाची असली म्हणजे भांडाय पण येत नाही," असे त्या अजूनही पाहुण्यांना सांगत.

२००३ साली बत्ती बंद झाली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी सांगाडा आणि त्यावर सौर दिवा आला, त्याला माणूस लागत नव्हता. निवृत्त झाल्यावर आप्पाजी मुलाबरोबर बेंगळुरूला आले. पुढे बेटाचा अर्धा भाग एका कंपनीने सहलीच्या निवासासाठी भाडेपट्ट्याने घेतला आणि बेट प्रसिद्ध झाले. दीपस्तंभाकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. चढायला मनाई नव्हती, झाडायला माणूस नव्हता. यंत्राची पितळी चाके गेली, निर्मात्याचे नाव आणि साल कोरलेली भिंगावरची पाटी गेली, तिच्या जागी चार भोके राहिली.

पडद्यांसाठी आप्पाजींनी जुन्या खात्याला तीन पत्रे लिहिली. एकाचेच उत्तर आले: सदर दीपगृह कार्यरत नसल्याने पडद्यांची तरतूद करता येत नाही.

"बरोबर आहे," ते यल्लव्वांना म्हणाले. "नियम तसाच आहे."

"मग लिहिलंसा कशाला?"

"कळवायला पायजे की."

मल्लेश्वरमच्या मराठी मंडळींची महिन्यातून एक बैठक असे. अभिजीत आईवडिलांना कधीकधी तिथे सोडून येई. तिथे हयवदनरावांनी त्यांना गाठले. हयवदनराव कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. मराठी बोलताना त्यांच्या तोंडी निम्मे कन्नड सहज येई आणि त्याबद्दल कोणी हसले की ते म्हणत, आमची मराठी तुमच्यापेक्षा जुनी आहे, स्वल्प मान ठेवा. नवीन बातमी त्यांनीच आणली होती. वर्तमानपत्राचे कात्रण टेबलावर सरकवून ते म्हणाले, "अण्णा, तुमचा खांब पाडायला निघालेत."

कंपनीने अर्ज केला होता. दीपस्तंभ धोकादायक आहे, तो पाडून त्याच जागी, त्याच आकाराचा, पण दुप्पट उंचीचा नवा मनोरा बांधायचा. वर उपाहारगृह, आणि संध्याकाळी शोभेची बत्ती. हरकती वारसा समितीकडे साठ दिवसांत मागवल्या होत्या.

आप्पाजींनी कात्रण दोनदा वाचले. "त्याच आकाराचा?" त्यांनी विचारले.

"होय. खऱ्यापेक्षा खोटा बरा, लिफ्ट असते ना त्यात."

हरकत नोंदवणे सोपे होते, ती टिकवणे अवघड. वास्तू शंभर वर्षांहून जुनी आहे असे सिद्ध झाले तर तिला हात लावता येणार नव्हता. कंपनीच्या अभियंत्याने अहवालात लिहिले होते की बांधकाम १९५३ चे आहे. आप्पाजींना ते वाचून प्रथमच राग आला. १९५३ साली फक्त वरचा सज्जा आणि गिलावा नवा झाला होता. आतला दगड १८६४ चा.

"कशावरून सांगता?" हयवदनरावांनी विचारले. शिक्षकी सवयीने त्यांनी पेन काढले होते.

"पहिली वही वाचलीय मी. पहिल्याच पानावर होतं. 'नव्या दगडी मनोऱ्यावर आज सूर्यास्ताला प्रथम बत्ती लावली. वारा मंद, वायव्येचा.' इंग्रजीत. अक्षर फार सुंदर."

"ती वही कुठं आहे?"

आप्पाजींनी कात्रणाची घडी घातली. "मूळ वह्या राहिल्या नाहीत," ते म्हणाले. "पण दरमहा त्यांचा सारांश मुख्य कार्यालयाला जात असे. तो असेल."

हे उत्तर खोटे नव्हते. वह्या दमट हवेत सडल्या असाव्यात असा अर्थ हयवदनरावांनी आपल्या मनाने घेतला आणि आप्पाजींनी तो दुरुस्त केला नाही.

मुदतीत हरकत दाखल झाली आणि सुनावणीची तारीख चार महिन्यांनंतरची पडली. त्या चार महिन्यांत हयवदनरावांनी एखाद्या तरुणाला लाजवील अशी धावपळ केली. त्यांनी खात्याला माहितीच्या अधिकारात अर्ज केले, लंडनच्या संग्रहालयाला लिहिले. लंडनहून उत्तर आले की १८६०च्या दशकातल्या छापील यादीत 'तांबळबेटावर बत्ती' एवढाच उल्लेख आहे. ती दगडी मनोऱ्यावर होती की लाकडी खांबावर, ते यादीत नाही. आता सारी भिस्त सारांशांवर होती. आप्पाजी आठवड्यातून एकदा मेट्रोने मॅजेस्टिकला जात, तिथे गाडी बदलून मल्लेश्वरमला पोचत आणि हयवदनरावांच्या ओसरीवर बसून टपालाची चौकशी करत. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात समुद्राविषयी काहीतरी मायेने येऊ लागले होते.

"अलीकडं लई बोलायलाय तुम्ही," यल्लव्वा म्हणाल्या. "बेटावर एवढं बोलला असतासा तर मी राहिले असते."

खात्याचे उत्तर आले तेव्हा आप्पाजी तिथेच होते. हयवदनरावांच्या पत्नी पद्मावतींनी नुकतीच कॉफी आणून ठेवली होती. पाकीट जाड होते, म्हणून हयवदनरावांनी ते फोडताना हात कपड्याला पुसले. आत तीन कागद होते. पहिले पत्र: मागितलेले मासिक सारांश १९९७ साली नष्ट करण्यात आले, कारण मूळ वह्या दीपगृहावर उपलब्ध आहेत, असे त्या वेळी गृहीत होते. दुसरा कागद म्हणजे त्याच्या एक वर्ष आधीचे खात्याचे परिपत्रक: ज्या नोंदींची प्रत अन्यत्र असल्याची खात्री झाली असेल, अशा वीस वर्षांपूर्वीच्या नोंदी नष्ट कराव्यात, ऐतिहासिक महत्त्वाच्या असल्यास वेगळ्या काढून कळवावे. तिसरा कागद ते वाचत राहिले, मग त्यांनी तो उलटा करून आप्पाजींच्या बाजूला फिरवला.

"अण्णा, हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

ते मे १९९६ चे नाशप्रमाणपत्र होते. एकूण वह्या छप्पन, १८६४ ते १९७६. नष्ट करण्याची पद्धत: जाळून. कारण: सारांश मुख्य कार्यालयात उपलब्ध. ऐतिहासिक महत्त्वाच्या नोंदी: निरंक. खाली सही, तारीख, वेळसुद्धा.

आप्पाजींनी गृहीत धरले की सारांश तिकडे आहेत. तिकडच्यांनी गृहीत धरले की वह्या इकडे आहेत. पोस्टकार्डभर विचारणा कोणीच केली नाही.

"जाळल्या," हयवदनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आणि हे निरंक?"

आप्पाजींनी कॉफीला हात लावला नव्हता. आठवत नाही असे ते म्हणू शकले असते, पण त्यांना सारे आठवत होते. जनित्र बसवायचे होते, वह्यांची खोली मोकळी करायची होती, पावसाआधी सामान घेऊन येणारी बोट उभी होती. अंगणात त्यांनी एकेक वही उघडून, पाने सुटी करून जाळली, कारण बंद वही आतून जळत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला. फॉर्म भरताना शेवटच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबलाही नव्हता.

"रोजची वही होती ती," ते म्हणाले. "वारा कुठला, बत्ती कधी लावली. तुम्ही रोज दात घासल्याची वही ठेवलीत आणि कोणी विचारलं की यात इतिहास आहे का, तर काय लिहाल?"

"अण्णा, इतिहास म्हणजे तेच."

"ते तुम्हाला माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही."

"चार महिने. मला चार महिने फिरवलंत."

"मला वाटलं, सारांश असतील."

पद्मावती दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. हयवदनरावांनी कागद पुन्हा पाकिटात घातले, पण पाकीट बंद करायला त्यांना वेळ लागला.

सुनावणी शहरातल्या एका जुन्या कार्यालयात, पहिल्या मजल्यावर झाली. समितीच्या अधिकारी दिव्यश्री या चाळिशीतल्या बाई होत्या. त्यांनी आप्पाजींना बसायला खुर्ची देऊन पंखा त्यांच्याकडे वळवला. बोलणे कन्नडमध्ये चालले होते. आप्पाजींना कन्नड उत्तम येई, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द ते आधी मनात लिहून मग बोलल्यासारखे बोलले. पहिल्या वहीचे पहिले पान त्यांनी पाठ म्हणून दाखवले. १९५३ च्या दुरुस्तीची नोंद, तिच्यातल्या चुन्याच्या पोत्यांच्या संख्येसकट, सांगितली.

कंपनीचे वकील सुधींद्र वयाने लहान आणि वागायला अत्यंत सभ्य होते. त्यांनी प्रमाणपत्राची प्रत आप्पाजींपुढे ठेवली.

"अज्जा, ही सही तुमची?"

"हो."

"हे लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"तुम्ही आज खरं बोलताय याविषयी मला शंका नाही," सुधींद्र म्हणाले. "तुम्ही तेव्हाही खरंच लिहिलं असणार."

खोलीत कोणी हसले नाही. दिव्यश्रींनी चष्मा काढला. "एखादी वही, एखादं पान, तुमच्याकडे राहिलं असेल," त्यांनी विचारले. विचारण्यात आर्जव होते. "पुष्कळदा माणसं आठवण म्हणून ठेवतात."

"सरकारी वस्तू होती, बाई," आप्पाजी म्हणाले. "घरी कशी नेणार?"

निकाल दोन आठवड्यांनी आला. वास्तू शंभर वर्षांची असल्याचा लेखी पुरावा नाही. तीस दिवसांत अपील न झाल्यास पाडण्यास परवानगी.

विसाव्या दिवशी हयवदनराव महादेवपुऱ्याला आले. मल्लेश्वरम सोडून ते सहसा कुठे जात नसत. अकराव्या मजल्यावरून खाली बघून त्यांनी डोळे मिटले, खुर्ची खिडकीपासून दूर ओढली आणि पिशवीतून अपिलाचा मसुदा काढला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने, जो आता वकील होता, तो तयार केला होता.

"सातवा परिच्छेद वाचा," ते म्हणाले.

आप्पाजींनी वाचला. दीपगृहांचे तत्कालीन निरीक्षक गिरीराज यांनी प्रत्यक्ष बेटावर येऊन, वह्या न तपासता जाळण्याचा आणि रकान्यात 'निरंक' लिहिण्याचा तोंडी आदेश दिला. अर्जदार हाताखालचे कर्मचारी असल्याने त्यांना तो पाळावा लागला, आणि साहेबांच्या आदरापोटी सुनावणीत त्यांनी हे सांगितले नाही. म्हणजे प्रमाणपत्र दबावाखालचे, म्हणून ग्राह्य नाही, म्हणून अर्जदारांची तोंडी साक्ष ग्राह्य.

"गिरीराजसाहेब त्या महिन्यात बेटावर आले नव्हते," आप्पाजी म्हणाले.

"सरी, ठीक आहे. पण कोण सांगणार? ते वारून चौदा वर्षं झाली."

"१९९६ ची वही आहे. खात्यात जमा आहे. त्यात आल्यागेल्याची नोंद असते."

"अण्णा, ती वही कोण उघडतो? छप्पन वह्यांत काय होतं हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. सत्तावन्नावीसुद्धा कोणी वाचणार नाही."

"साहेब फार नीट माणूस होते. त्यांनी असं कधी सांगितलं नसतं. त्यांनी विचारलं असतं."

"म्हणून तर म्हणतो. मेलेल्या नीट माणसाचं काही बिघडत नाही. उभ्या दगडाचं बिघडतं." त्यांनी पेन काढून पुढे ठेवले. "चूक कोणाची हे ठरवायला मी आलो नाही. खांब राहायला हवा का नको?"

"हवा."

"मग इथं सही करा."

यल्लव्वांनी भाकरी आणि ठेचा आणून ठेवला, "आधी खाऊन घ्या की," म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. आप्पाजींनी पेन हातात घेतले. ते कागदावर टेकवले नाही, खालीही ठेवले नाही. आपल्या हातून जे झाले ते मेलेल्या माणसाच्या नावावर घालायचे, एवढीच गोष्ट होती. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वारा नैर्ऋत्येचा असताना पश्चिमेचा लिहिला नाही त्याच्यासाठी ती एवढीशी नव्हती. पण हेही खरे होते की, याच खरेपणाने त्यांनी निरंक लिहिले होते. आपण आता सांभाळतोय ते सत्य, की सत्य बोलणारा म्हणून स्वतःचे नाव, याचे उत्तर त्यांना सापडत नव्हते.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

"उद्या नाही सांगणार तुम्ही," हयवदनराव म्हणाले. "मसुदा ठेवून जातो." त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, यल्लव्वांना नमस्कार केला, आणि आप्पाजींना पोचवायला येऊ न देता लिफ्टकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना यल्लव्वांनी विचारले, "काय ओ, सही केली तर राहील काय खांब?"

"राहील कदाचित."

"मग?"

आप्पाजींनी मेथीच्या काड्या वेगळ्या केल्या. यल्लव्वा म्हणाल्या, "माझा राग होता त्या खांबावर. तरी मी सही केली असती."

तिसाव्या दिवशी दुपारी आप्पाजींनी इस्त्रीचा सदरा घातला, मसुदा पिशवीत घातला आणि मेट्रोने शहरात गेले. कुठे जाताय हे यल्लव्वांनी विचारले नाही. कार्यालयाच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे एक बसथांबा होता. तिथल्या बाकावर ते साडेतीनला बसले. कागदावर सही नव्हती, पण सही करायला एक क्षण पुरतो, आणि पेन खिशात होते. लोक येत होते, जात होते. चार वाजले. दिव्यश्री खाली येऊन गाडीत बसल्या आणि गेल्या. आवक कक्ष साडेपाचपर्यंत उघडा असतो हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते.

पाच वाजता ते उठून रस्ता ओलांडून फाटकापाशी आले. पिशवीतून कागद काढून सातवा परिच्छेद त्यांनी उभ्याउभ्याच पुन्हा वाचला. गिरीराजसाहेबांचे नाव चारदा आले होते. एकदा त्यांनी पेनाचे टोपणही काढले. मग ते तसेच उभे राहिले, एका हातात कागद, एका हातात पेन, आणि आतून कर्मचारी बाहेर पडू लागले तसे कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून थोडे बाजूला सरले.

साडेपाचला पहारेकऱ्याने फाटकाचे एक दार ओढले, दुसऱ्याला हात घातला आणि मग त्याला हा म्हातारा दिसला.

"काही द्यायचं होतं का, अज्जा? आता बंद झालं. उद्या या."

उद्याचा काही उपयोग नव्हता. हे त्या माणसाला सांगून तरी काय होणार होते?

"सरी," आप्पाजी म्हणाले, आणि मेट्रोच्या दिशेने चालू लागले.